हॉर्नबी रोड, दादाभाई नौरोजी मार्ग आणि डी. एन. रोड : एका रस्त्याची नावे

मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईपासून हुतात्मा चौकापर्यंत जाणारा एक रस्ता आहे. त्याची लांबी दीड किलोमीटरच्या आसपास भरेल. महापालिकेच्या दप्तरी तो दादाभाई नौरोजी मार्ग होय. स्वातंत्र्यापूर्वी त्यास हॉर्नबी रोड म्हणत. आणि त्यावरून रोज ये-जा करणारा माणूस त्याला 'डी. एन. रोड' म्हणतो. यांपैकी पहिली दोन नावे सत्तेने ठरावपूर्वक दिली. तिसरे कोणी दिले नाही, ते झाले. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हे तिसरे नाव आणि त्याची भावंडे हा आहे.

या रस्त्याच्या वास्तुशिल्पाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आशियातील मोठ्या शहरांत एकाच रस्त्यावर इतक्या विविध शैलींच्या इमारती क्वचितच सापडतील. तथापि भाषेच्या अभ्यासकाला या रस्त्यावर दगडाइतकीच महत्त्वाची दुसरी एक सामग्री उपलब्ध आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. ती म्हणजे स्थलनामे. नाव देणे आणि नाव रुळणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, पहिली सभागृहात होते आणि दुसरी लोकांच्या जिभेवर होते, हे तत्त्व म्हणून सर्वांस मान्य असते. पण दुसरी क्रिया कोणत्या नियमांनी चालते, हे विचारले तर आपण निरुत्तर होतो. त्या नियमांचा थोडाफार माग या रस्त्यावर लागतो, असे मला वाटते.

प्रारंभ रस्ता नव्हता तेव्हापासून केला पाहिजे. १६६८ मध्ये मुंबईची बेटे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वसाहतीभोवती तट उभा राहिला. त्या तटाला तीन मुख्य दरवाजे होते: दक्षिणेस अपोलो गेट, पश्चिमेस चर्च गेट आणि उत्तरेस बझार गेट. तटाच्या आतील वस्तीला इंग्रज 'फोर्ट' म्हणत, मराठी व गुजराती बोलणारे 'कोट' म्हणत. आणि तटाबाहेरील एतद्देशीयांच्या वस्तीस 'बाहेरकोट' असेही नाव पडले. पुढे तट पाडण्यात आला. १८६२ ते १८६७ या काळात सर बार्टल फ्रिअर हा मुंबईचा गव्हर्नर होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला विलायतेत सोन्याचा भाव आला होता आणि शहरात पैशाला पूर आला होता. त्या पैशाच्या बळावर फ्रिअरने तट उतरवला आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात नवे शहर आखले. कोटातील एक लहानसा रस्ता रुंद होऊन राजरस्ता झाला तो याच वेळी. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ सालचे आहे. मराठीत एखाद्या शहराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले जावे आणि त्याच सुमारास त्या शहराची जुनी वेस मोडली जावी, हा योगायोग मोठा सूचक आहे.

तट गेला, दरवाजे गेले. नावे मात्र गेली नाहीत. 'कोट' हे नाव तटाविना टिकले. त्याहून विलक्षण गोष्ट 'चर्चगेट'ची. हा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होता आणि १७१८ मध्ये उघडलेल्या सेंट टॉमस चर्चकडे त्यातून वाट जाई, म्हणून त्याचे हे नाव. दरवाजा पाडल्यावर नाव बेवारशी झाले, पश्चिमेकडे सरकले आणि रेल्वेच्या स्थानकाला जाऊन चिकटले. आज चर्चगेटला उतरणाऱ्या प्रवाशाला तेथे चर्चही दिसत नाही आणि गेटही दिसत नाही. तरी नावात काही उणे आहे असे त्याला कधी वाटत नाही. वस्तूवरून पडलेले नाव वस्तू नाहीशी झाल्यावरही निर्वेधपणे चालते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हॉर्नबी. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मराठी वाचकाला तो वडगावच्या तहाच्या वेळचा (जानेवारी १७७९) गव्हर्नर म्हणून आठवावा; मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला वडगावात कोंडून करून घेतलेला तो तह पुढे कंपनीने मानला नाही. मुंबईत मात्र हॉर्नबीची आठवण राहिली ती दोन ठिकाणी: एक हा रस्ता आणि दुसरा वरळीजवळचा समुद्राचा बांध, 'हॉर्नबी वेलार्ड'. यातील 'वेलार्ड' हा शब्द इंग्रजी नव्हे. कुंपण अथवा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचे ते इंग्रजी रूप आहे. इंग्रज गव्हर्नराचे नाव आणि त्याने जिंकलेल्या समुद्राला पोर्तुगीज नाम, असा हा समास मुंबईच्या इतिहासाला शोभेसाच होता. आज वेलार्डचा लाला लजपतराय मार्ग झाला आहे आणि हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग. म्हणजे हॉर्नबी दोन्ही ठिकाणांहून उठला, आणि दोन्ही ठिकाणी काँग्रेसचे पुढारी बसले.

दादाभाईंचे नाव या रस्त्याला देण्यात औचित्य पुष्कळ होते. १८२५ मध्ये जन्मलेले दादाभाई एल्फिन्स्टन संस्थेत शिकले व तेथेच प्राध्यापक झाले. (एल्फिन्स्टन या नावाचे गेल्या शतकाच्या आधीच्या मराठीतील रूप 'अल्पिष्टन' असे होते, मराठी तोंडाला परकी व्यंजनमालिका कशी सोयीची करून घेता येते, याचे ते सुंदर उदाहरण आहे.) १८९२ मध्ये ते सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले, तीन वेळा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले, आणि हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते हे त्यांनी आकडेवारीने दाखविले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०१ चा. ज्या रस्त्यावर विलायती पेढ्या, विमा कंपन्या आणि विलायती मालाची दुकाने ओळीने उभी होती, त्याच रस्त्यास या पुरुषाचे नाव मिळावे यात काव्यात्म न्याय आहे. रस्त्याच्या दक्षिण टोकाशी त्यांचा पुतळाही आहे. परंतु बोलणाऱ्यांनी त्यांना दोन इंग्रजी अक्षरांत बसविले. 'डी. एन. रोड' म्हणताना 'डी.' कोण आणि 'एन.' कोण, याचा विचार करणारा मनुष्य विरळा.

यावर सामान्यतः जी टीका होते ती विस्मृतीची किंवा कृतघ्नतेची. ती मला पटत नाही. हॉर्नबीचे नाव लोकांनी पूर्ण उच्चारले आणि दादाभाईंचे नाही, म्हणून लोक हॉर्नबीला अधिक मानीत होते असे कोण म्हणेल? 'हॉर्नबी' हा दोन-अडीच अक्षरांचा शब्द आहे, 'दादाभाई नौरोजी' हा सात अक्षरांचा. कारणे भाषेत शोधावी लागतील, आणि त्यासाठी रस्त्यावरून एकदा चालत गेले पाहिजे.

उत्तर टोकाला मंडई आहे. विल्यम एमर्सनच्या आराखड्याप्रमाणे बांधलेली ही इमारत १८६९ मध्ये पुरी झाली आणि तीस शहराचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याचे नाव मिळाले. प्रवेशद्वारावरील दगडी चित्रमालिका लॉकवुड किप्लिंगची; तो शेजारच्याच कलाशाळेत शिकवीत असे, आणि १८६५ मध्ये त्याचा मुलगा रुडयार्ड त्याच आवारात जन्मला. आज मंडईला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, पण मुंबईकर 'क्रॉफर्ड मार्केट'च म्हणतो. पुण्यात याच्या उलट घडले. तेथील 'रे मार्केट'लाही फुल्यांचेच नाव दिले गेले आणि आज लॉर्ड रेचे नाव पुण्यात कोणी घेत नाही. हा भेद कशामुळे? पुणेकर अधिक फुलेभक्त आहेत म्हणून नव्हे. पुण्यात ती इमारत आरंभापासूनच लोकांच्या लेखी 'मंडई' होती. या घरच्या सामान्यनामापुढे 'रे' काय आणि 'फुले' काय, दोन्ही विशेषणे ऐच्छिक राहिली. मुंबईत बाजार पुष्कळ, म्हणून केवळ 'मार्केट' म्हणून भागत नव्हते. विशेषण आवश्यक होते आणि ते आधीच रुळलेले होते. व्यवहाराला जे नाव भेद दाखविण्यास लागते तेच टिकते. गौरव हा त्याचा हेतू नसतो.

कलाशाळा म्हणजे १८५७ मध्ये स्थापन झालेले सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय. 'जे. जे.' म्हणून ते देशभर ओळखले जाते आणि तेथे शिकलेला चित्रकार 'मी जेजेचा' असे अभिमानाने सांगतो. येथून दक्षिणेकडे पावले टाकीत गेले की आद्याक्षरांची जणू रांगच लागते: जे. जे., मग व्ही. टी., त्याच्या पलीकडे जी. पी. ओ., खुद्द आपला डी. एन., त्याला छेदणारा पी. एम. म्हणजे फिरोजशहा मेहता रस्ता, आणि टोकाला येऊन मिळणारा एम. जी. म्हणजे पूर्वीचा एस्प्लनेड रोड व आताचा महात्मा गांधी मार्ग. दानशूर पारशी सरदार, इंग्लंडची राणी, टपाल खाते, अर्थशास्त्री, नगरनेता आणि राष्ट्रपिता ही सर्व मंडळी येथे एका पंक्तीत बसली आहेत आणि प्रत्येकाच्या पानात दोन-तीनच अक्षरे वाढलेली आहेत.

या पंक्तीत मध्यभागी बसते ते रेल्वेचे स्थानक. १६ एप्रिल १८५३ रोजी येथल्या जुन्या स्थानकातून ठाण्याकडे ३४ किलोमीटरचा प्रवास करीत देशातील पहिली उतारूगाडी निघाली, तेव्हा स्थानकाचे नाव 'बोरीबंदर' होते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेल्या नव्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले, १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव मिळाले आणि १८८८ मध्ये इमारत पूर्ण झाली. १९९६ मध्ये 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' आणि २०१७ मध्ये 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' असे नामांतर झाले. २००४ पासून ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे.

'बोरीबंदर' या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. एक मत असे की, येथे मालाच्या बोऱ्या म्हणजे गोण्या उतरत, म्हणून बोरीबंदर. दुसरे मत असे की, येथे बोरीची झाडे होती. पहिल्या मताच्या बाजूने मुंबईतच 'दाणाबंदर' हे नाव उभे आहे. बंदराला मालावरून नाव पडते हे त्यावरून सिद्ध होते. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे. मराठीत पोत्याला 'पोते', 'गोण', 'गोणी' असे शब्द असताना 'बोरी' हा त्या अर्थी घरगुती शब्द नव्हे. उलट 'बोरीबाभळी' हा जोडशब्द प्रत्येक मराठी खेड्यात ऐकू येतो. शिवाय झाड आणि बंदर यांचा समास मुंबईला अपरिचित नाही, 'चिंचबंदर' आहेच. आणि चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, फणसवाडी ही नावे पाहिली म्हणजे या बेटांवरील माणसाने स्थळे ओळखली ती झाडांवरून, याविषयी शंका राहत नाही. भेंडीबाजाराची गोष्ट तर सर्वश्रुत आहे: भेंडीच्या झाडांवरून पडलेले हे सरळ नाव 'बिहाइंड द बाजार' या इंग्रजी शब्दांचा अपभ्रंश आहे असे सुशिक्षित लोकही सांगतात. आपल्या गावचे झाड विसरायचे आणि साहेबाच्या बोलण्यात त्याचे मूळ शोधायचे, ही लोकव्युत्पत्तीची खोड शहरी शिक्षणाबरोबर वाढत गेलेली दिसते.

राणीचे नाव आले तरी 'बोरीबंदर' विसाव्या शतकात बराच काळ चालू राहिले. समोरच्या इमारतीतील इंग्रजी दैनिकाला 'बोरीबंदरची म्हातारी' म्हणत, ते यामुळेच. ते दैनिक १८३८ मध्ये निराळ्या नावाने सुरू झाले आणि १८६१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया' म्हणून निघू लागले. १९६२ मध्ये त्याच इमारतीतून 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला. पण हळूहळू 'व्ही. टी.'ने बोरीबंदरला मागे सारले. येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. 'व्ही. टी.' म्हणणाऱ्याच्या मनात व्हिक्टोरिया नव्हती. इमारतीच्या दर्शनी भागावरचा राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर काढण्यात आला. नावातली राणी त्यापूर्वीच, कोणताही ठराव न होता, दोन अक्षरांत विरून गेली होती. १९९६ च्या नामांतराने ती कागदावरून गेली एवढेच. आणि त्यानंतर काय झाले? छत्रपतींच्या नावाचेही 'सी. एस. टी.' झाले, आणि 'महाराज' जोडल्यावर 'सी. एस. एम. टी.' झाले. ज्या यंत्राने राणीचे नाव दळले, तेच यंत्र महाराजांचेही नाव दळीत आहे. पूर्ण नाव उच्चारले जावे ही आस्था अगदी खरी आहे. पण नावात एकेक आदरार्थी शब्द वाढविल्याने ते साधत नाही. नाव जितके लांब तितकी आद्याक्षरांची निकड अधिक, आणि आदरार्थी शब्दाने नाव लांबच होत जाते.

आद्याक्षरांची प्रथा मराठीला परकी आहे असे मात्र समजू नये. पु. ल., ग. दि. मा., वि. स. ही रूपे आपल्या जिव्हाळ्याची आहेत. परंतु मराठी आद्याक्षर हे वर्णमालेतील स्वरयुक्त अक्षर असते: 'पु' म्हटले की त्यामागे पुरुषोत्तम उभा असतो, 'ग'मागे गजानन असतो. 'डी' हे रोमन वर्णाचे नाव आहे, दादाभाईंच्या 'दा'शी त्याचा ध्वनिसंबंध राहिलेला नाही. म्हणून 'पु. ल.' हे संक्षिप्त रूप व्यक्तीला जवळ आणते आणि 'डी. एन.' तिला पुसून टाकते. 'दा. नौ. मार्ग' असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. ही गोष्ट मुंबईपुरती मर्यादित असती तर तिचे खापर शहराच्या बहुभाषिकपणावर फोडता आले असते. पण पुण्यातही अप्पा बळवंत चौक 'ए. बी. सी.' झाला, जंगली महाराज रस्ता 'जे. एम.' झाला आणि फर्ग्युसन रस्ता 'एफ. सी.' झाला. पेशवाईतला सरदार, साधू आणि इंग्रज गव्हर्नर यांत आद्याक्षरांनी भेदभाव केला नाही.

एखादे नाव भाषेने किती आपलेसे केले आहे हे मोजण्यास मराठीत एक साधन आहे: सामान्यरूप आणि त्यापुढील सप्तमीचा '-त' प्रत्यय. 'कोट' या नावाला '-त' लागतो: 'तो कोटात नोकरीला होता.' 'फोर्ट'ला लागत नाही. तेथे 'फोर्टमध्ये' म्हणावे लागते. 'मंडईत' म्हणतात, 'क्रॉफर्ड मार्केटात' म्हणणारे थोडे, 'मार्केटमध्ये' म्हणणारे फार. 'व्हीटीला', 'व्हीटीवर', 'व्हीटीहून' ही रूपे सर्रास आहेत, 'व्हीटीत' नाही. 'डी. एन. रोडवर' आहे, 'डी. एन. रोडात' नाही. म्हणजे आद्याक्षरी नाव विभक्तीचे बाहेरचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये घेते, पण आतले स्थान देणारा प्रत्यय टाळते. ते मराठी वाक्यात पाहुणे म्हणून वावरते. ही कसोटी निरपवाद नाही, हे सांगितले पाहिजे. 'दादर' हे नाव अस्सल इथले असूनही 'दादरात' म्हणत नाहीत. तरी एकाच स्थळाची दोन नावे समोरासमोर ठेवली असता ती बरीच विश्वसनीय ठरते, असा माझा अनुभव आहे. 'कोटात' आणि 'फोर्टमध्ये' या जोडीत जे अंतर आहे ते केवळ व्याकरणाचे नाही.

स्थानकासमोरच महापालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पुरी झालेली. तिच्या दर्शनी शिखरावरील पंखधारी आकृती 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस' म्हणजे 'हिंदुस्थानातील पहिले नगर' या लॅटिन बिरुदाचे प्रतीक आहे, आणि समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. या इमारतीतच या रस्त्यावरच्या नावांचे ठराव होतात. जवळच अंजुमन-ए-इस्लामची वास्तू आहे. संस्था १८७४ ची, बद्रुद्दीन तय्यबजींच्या पुढाकाराने निघालेली. इमारत १८९३ ची. पुढे दक्षिणेकडे पारशी समाजाच्या खुणा दाट होत जातात: १८८१ ची वाच्छा अग्यारी, सर जे. जे. पारशी हितकारिणी संस्था, आणि जे. एन. पेटिट ग्रंथालय, ज्याचा आरंभ १८५६ मध्ये झाला आणि आजची इमारत १८९८ ची आहे. व्हाइटवे लेडलॉ या विलायती मालाच्या दुकानाच्या जागेत पुढे खादी भांडार आले. दादाभाईंच्या रस्त्यावर घडलेल्या सर्व स्थित्यंतरांत त्यांना सर्वांत अधिक समाधान देणारे स्थित्यंतर हेच असावे.

या इमारती निरनिराळ्या शैलींच्या असूनही रस्ता एकसंध भासतो याचे कारण १८९६ चा एक नियम आहे. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग पडवी सोडली पाहिजे, असे त्याने बंधन घातले. मालक निराळे, शिल्पी निराळे, कोणी गॉथिक बांधणार तर कोणी अभिजात ग्रीक-रोमन वळणाचे. पण पावसाळ्यात माणूस डोक्यावर छत्री न घेता मैलभर चालू शकावा, एवढी एक गोष्ट सर्वांना समान. सुंदर रस्त्यासाठी सुंदर शैलीचा आग्रह धरण्याची आवश्यकता नव्हती, सोयीचा एक नियम पुरेसा झाला. याच कमानींवर पुढे दुकानांच्या पाट्या इतक्या चढल्या की कमानी दिसेनाशा झाल्या. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसाविषयक नियम झाले, त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली पाट्यांचा आकार आणि जागा ठरवून देण्यात आली, आणि या कामाचा युनेस्कोने २००४ मध्ये गौरव केला.

दक्षिण टोकाला रस्ता संपतो तेथे १८६४ चे कारंजे आहे. आराखडा नॉर्मन शॉचा, शिल्प जेम्स फोर्सिथचे, दगड इंग्लंडातून आणलेला. कारंजे मुळात व्हिक्टोरिया बागेसाठी योजलेले होते आणि त्यास फ्रिअरचे नाव द्यावयाचे होते. त्याऐवजी वर उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेचे नाव मिळाले. बोलण्यात तेही राहिले नाही. 'फाउंटन' एवढेच म्हणतात. शहरात दुसरी कारंजी नाहीत असे नव्हे. पण नुसते 'फाउंटन' म्हणजे हेच. देवता गळाली आणि वस्तू राहिली, म्हणजे पुन्हा चर्चगेटचाच न्याय. याच न्यायाचे टोकाचे उदाहरण थोड्या अंतरावर आहे. सातव्या एडवर्डचा १८७९ मध्ये उभारलेला अश्वारूढ पुतळा लोकांनी 'काळा घोडा' म्हणून ओळखला. म्हणजे राजाला वगळून वाहनावरून नाव ठेवले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या बागेत हलविला. घोडा गेला तरी परिसराचे नाव काळा घोडाच राहिले, आणि अखेर २०१७ मध्ये तेथे पुन्हा एक घोडा आणून ठेवला गेला, या वेळी स्वाराविना. नावाने वस्तू मागून घेतली! लोकांनी १८७९ पासून जे म्हटले होते तेच शेवटी शिल्पात उतरले.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की, डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवरून पडलेले नाव तेवढे टिकते आणि गौरवार्थ दिलेले नाव कधीच रुळत नाही. पण कारंज्यापाशीच या निष्कर्षाला छेद देणारे नाव उभे आहे.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जानेवारी १९५६ मध्ये शहरात पुन्हा गोळीबार झाले. या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांत गिरणी कामगार पुष्कळ होते. मुंबई कोणत्या भाषेची, हा प्रश्न तेव्हा चर्चेचा राहिला नव्हता. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, चौकाला 'हुतात्मा चौक' हे नाव मिळाले, आणि कारंज्याशेजारी मशाल धरलेल्या शेतकरी व कामगार यांच्या मूर्तींचे स्मारक उभे राहिले.

हे नाव मराठी माणसाच्या बोलण्यात आद्याक्षरांत गेले नाही. 'एच. सी.' असे कोणी म्हणत नाही. ते सामान्यरूप घेते, '-त' प्रत्यय घेते: 'हुतात्मा चौकात जमायचे आहे.' का? काही कारणे उघड आहेत. नाव लहान आहे; त्यातील 'चौक' हा शब्द घरचा आहे; आणि ते कोणा एका व्यक्तीचे नाव नसल्यामुळे त्याला पदव्या व आदरार्थी शब्द जोडण्याचा प्रसंग येत नाही. 'हुतात्मा' हा शब्द सावरकरांनी रूढ केला असे मानले जाते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला महापालिकेत बसणाऱ्या 'महापौरा'चे पदनामही त्यांचेच, हा एक चमत्कारिक योग होय. परंतु या सर्वांपेक्षा बलवत्तर कारण मला निराळे वाटते. या चौकात जे घडले ते याच चौकात घडले. दादाभाईंचे या रस्त्याशी नाते मानाचे आहे, हुतात्म्यांचे या चौकाशी नाते घटनेचे आहे. ज्या अर्थाने 'चिंचबंदर' हे चिंचेच्या झाडाचे नाव, त्याच अर्थाने 'हुतात्मा चौक' हे वर्णनात्मक नाव आहे. येथे माणसे मेली, एवढेच ते सांगते. गौरव त्यात आहे, पण तो वर्णनावर आरूढ आहे.

असे असूनही चौकाची दोन नावे चालतात हे नाकारता येणार नाही. परप्रांतातून आलेला टॅक्सीवाला, इंग्रजीत व्यवहार करणारा कचेरीतला मनुष्य, आणि कित्येकदा मराठी मनुष्यही त्यांच्याशी बोलताना, 'फाउंटन' म्हणतो. २०१९ मध्ये डागडुजी होऊन कारंजे पुन्हा वाहू लागल्यापासून त्या नावाला पुन्हा आधारही मिळाला आहे. या द्वैताकडे झगडा म्हणून पाहण्याची रीत आहे. मला ते भाषांच्या सीमारेषेचे सरळ चिन्ह वाटते: राज्यांच्या सीमा १९६० मध्ये ठरल्या, पण शहरातली सीमा एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना रोज ओलांडली जाते.

पाट्यांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्यांवर मराठी मजकूर देवनागरीत आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणे आवश्यक झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीस दोन महिन्यांची मुदत दिली. ही मागणी न्याय्य होती. परंतु कायदा लिपीपर्यंत पोहोचतो. पाटीवर 'डी. एन. रोड' असे ठळक देवनागरीत लिहिले की कायदा संतुष्ट होतो, आणि रोमन वर्णांची नावे मराठी अक्षरांत विराजमान होतात. मराठी पाटी वाचून दादाभाई आठवावेत असे वाटत असेल तर पत्त्यात 'दादाभाई मार्ग' इतकेच लिहावे. 'टिळक पूल', 'आंबेडकर रस्ता' अशी एकपदी नावे बोलण्यात सहज येतात. 'दादाभाई' हे चार अक्षरांचे नाव तर मुळातच हाक मारण्याजोगे आहे.

या विषयावर सॅम्युएल शेपर्डचे १९१७ चे मुंबईच्या स्थलनामांवरील इंग्रजी पुस्तक आणि आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' (१८८९) हे अद्यापि पायाभूत ग्रंथ आहेत. पण दोन्ही नावांची उत्पत्ती सांगतात, वापर सांगत नाहीत. आणि वापराची साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. जुन्या दुकानांची बिले, लग्नपत्रिकांवरील पत्ते, नाटकांच्या जाहिराती, १९६४ मध्ये बंद झालेल्या ट्रामची तिकिटे गिरगाव-परळच्या घरांतून अजून निघू शकतील. जे विद्यार्थी असे साहित्य गोळा करतील त्यांनी नावाबरोबर त्याला लागलेला प्रत्ययही उतरून घ्यावा. आणि वृद्ध मुंबईकरांची मुलाखत घेताना स्थळाचे नाव आपण होऊन उच्चारू नये. त्यांना कोटातल्या नोकरीचा रोजचा रस्ता सांगावयास लावावे, आणि ते 'बोरीबंदरला' उतरतात की 'व्हीटीला', 'फाउंटनवरून' जातात की 'हुतात्मा चौकातून', हे मध्ये न बोलता टिपून घ्यावे.